भिक्खूचा मुलगा आणि झिजलेली नाणी

कबनूरच्या आमच्या घरात सल्लेखनेचं नाव निघालं की आज्जी हात जोडायची. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला अन्नत्याग करून देह ठेवला, ही हकिकत मागांची खटखट ऐकत मी कितीदा ऐकली असेन! जैन घरात न जन्मलेल्या एका गोवेकरानंही तोच मार्ग धरला होता, हे मात्र कॉलेजात कळलं. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी जून १९४७ मध्ये सेवाग्रामला तसेच गेले. त्यांचा मुलगा दामोदर गणितज्ञ, मार्क्सवादी, पक्का नास्तिक. बापाचा धर्म मुलात उतरला तरी कुठं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागं आहे.

धर्मानंदांची थोडी ओळख द्यायलाच हवी. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. बुद्धाच्या शोधात घर सोडलं, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीप गाठलं, १९०२ मध्ये भिक्खू झाले. पुढं चीवर उतरवलं, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. १९१८ मध्ये अकरा वर्षांच्या दामोदरला त्यांनी अमेरिकेला सोबत नेलं.

धर्मानंदांची श्रद्धा मुकी नव्हती. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही लाडकी कथा त्यांनी बाजूला सारली. जुने पाली ग्रंथ चाळून शाक्य-कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी पुढं आणला. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला त्याचंच चरित्र असं तपासायचं, हे पोरानं घरीच पाहिलं.

आता माझा आवडता भाग, नाण्यांचा. तक्षशिलेला सापडलेली चांदीची आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही. दामोदर कोसंबींनी सरळ तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जितकी वर्षं फिरेल तितकं सरासरी वजन उतरतं आणि नाण्या-नाण्यांतला फरक वाढतो. हा नियम त्यांनी आधी आपल्या काळातली हजारो चलनी नाणी तोलून पडताळला. मग जुन्या नाण्यांच्या मागच्या बाजूचे बारीक ठसे मोजले. ठसे जास्त, तर वजन कमी! नाणं किती फिरलं, हे त्या ठशांवरून कळू लागलं आणि कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, याचा क्रम लावता आला. हे वाचल्यावर मला राहवेना. डबाभर रुपये घेऊन मी हुपरीच्या एका चांदी कारागिराच्या काट्यावर बसलो. एकाच सालचे रुपये, पण वजनं वेगवेगळी. तो म्हणाला, “दादा, हे आम्हाला ठाऊकच की!” कोसंबींनी अशा ठाऊक गोष्टीचं गणित मांडलं. हे गणित नाण्यांपुरतं थांबलं नाही: त्यांनी १९४४ मध्ये दिलेलं गुणसूत्रांवरच्या अंतराचं सूत्र आनुवंशिकीत आजही त्यांच्याच नावानं चालतं.

गावोगावच्या म्हसोबा-आईंच्या जागा, कार्ल्याची लेणी, घाटवाटा, सगळं त्यांनी पायी पाहिलं. बापानं बुद्ध चालत शोधला, मुलानं इतिहास. देव सुटला, पण स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय मानायचं नाही, हा घरचा नेम सुटला नाही. माझ्या मते दामोदरांचा खरा वारसा तोच.

या दिवाळीत धर्मानंदांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आधी वाचा आणि त्याच्या पाठोपाठ दामोदरांचं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’.