नाताळची गोष्ट आणि बेघरांना आसरा देणाऱ्या पंडिता रमाबाई



२५ डिसेंबर जवळ आला की वर्गात कागदी तारे लागतात, मुलांना चॉकलेटं मिळतात. पण "नाताळ का साजरा करतात?" असं विचारून बघा. बरीच मुलं सांताक्लॉजपाशीच थांबतात. मूळ गोष्ट मात्र आसरा न मिळालेल्या एका कुटुंबाची आहे.

योसेफ आणि गरोदर मरिया नावनोंदणीसाठी बेथलेहेम गावी गेले. उतारशाळेत जागा नव्हती. बाळ येशूला जन्मल्यावर गुरांच्या गव्हाणीत निजवावं लागलं. गव्हाण म्हणजे काय, हे आपल्या टोकावड्याच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही! पुढे मोठेपणी येशूने शिकवलं, की परक्याला घरात घेणं, उघड्याला वस्त्र देणं ही माझीच सेवा आहे. म्हणून नाताळात ख्रिस्ती लोक रस्त्यावर झोपणाऱ्यांना जेवण, कपडे, ब्लँकेट देतात.

पण एका दिवसाच्या ब्लँकेटाने बेघरपण संपतं का? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडतं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ उपाशीपोटी, पायी देशभर फिरले. निवारा नसणं म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' काढलं, ते नंतर पुण्याला आणलं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार झालेल्या शेकडो मुली व विधवांना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातील केडगावला त्यांच्यासाठी 'मुक्ती सदन' उभं राहिलं.

आता महत्त्वाचा मुद्दा. रमाबाईंनी फक्त जेवण आणि छप्पर दिलं नाही. मुलींना लिहायला-वाचायला शिकवलं. शेती, विणकाम, शिवण, इतकंच काय, छापखान्यातलं कामही शिकवलं. अंध मुलींसाठी वेगळी सोय केली. दया दाखवणारा निघून गेल्यावरही ती बाई स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

मोठ्या वर्गाला याची दुसरी बाजूही सांगा. मुलींना ख्रिस्ती केलं जातं, असा आरोप रमाबाईंवर झाला. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. मदत करताना समोरच्याच्या श्रद्धेचं काय करायचं, यावर मुलांना बोलू द्या. उत्तर आपण देऊ नये.

आणि शेवटी आपल्या गावाकडे या. दिवाळी झाली की मुरबाड-शहापूर भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. नाताळच्या थंडीत ती भट्टीशेजारच्या भोंग्यात झोपतात. वाडीवर त्यांचं घर आहे, पण सहा-सात महिने ते बंदच. आपल्या हजेरीपटावरची काही नावं तिथेच असतात.

मग आपण काय करायचं? जुने कपडे जरूर द्या, पण फाटके नकोत. धुतलेले, घडी घातलेले द्या. त्याहून मोठी मदत म्हणजे स्थलांतराआधी मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड देणं, भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना एक फोन करणं आणि पावसाळ्याआधी मूल परतलं की "कुठे होतास इतके दिवस?" असं न दरडावता त्याला त्याची जागा देणं.

बेथलेहेमात त्या रात्री 'जागा नाही' असं उत्तर मिळालं होतं. आपल्या वर्गात ते कुणालाही मिळू नये, एवढं तर आपल्या हातात आहे ना?