जुने रिव्हॉल्व्हर, नवे काडतूस

दौलताबादची मेंढा तोफ आपण पाहिली असेल. तिला लागे ती काळी दारू : सोरा, कोळसा, गंधक. आजोबांच्या पेटीत सापडलेले ठासणीचे रिव्हॉल्व्हरही याच दारूसाठी घडवलेले. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू शोधली. तिचा जोर कितीतरी अधिक. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस बसेल असा बदल कुणी केला, तरी धातू जुनाच राहतो. काडतूस बसले म्हणजे ते चालेलच असे नाही. गोळ्यांची चक्री फुटली तर हात जायचा. घरी हलके काडतूस भरावे म्हणाल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना काडतूस बनवणे गुन्हा आहे. वारशात आलेले विनापरवाना शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करावे. आठवण जपावी, चाप ओढू नये.