गोटी वळशात का पडते?

भौतिकशास्त्राच्या वर्गात रोलर कोस्टर करायचा असेल, तर तो आधी वहीत, आकड्यांत उभा राहायला हवा आणि मग टेबलावर. आपल्याकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत बहुतेकदा उलट होतं. प्रतिकृती आधी तयार होते, रंगते, आणि शेजारच्या तक्त्यावर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम सुवाच्य अक्षरांत लिहिला जातो. वरून सोडलेली गोटी खाली पोचते आणि सगळे खूश होतात. पण गोटी खाली येणारच होती, त्यासाठी नियमाची गरज नव्हती. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 30 सेंटिमीटर व्यासाचा उभा वळसा न पडता पार करायला गोटी किती उंचीवरून सोडावी लागेल? हे उत्तर गोटी सोडण्याआधी लिहून ठेवायचं. ते बहुधा चुकेल, आणि माझ्या मते ते चुकणं हाच या प्रकल्पाचा गाभा आहे.

कसं चुकतं ते पाहण्यासारखं आहे. नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या प्रकरणातून स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते हे मुलांना माहीत असतं. बारावीत उभ्या वर्तुळातली गती येते: वळशाच्या माथ्यावर वेगाचा वर्ग किमान त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण एवढा हवा. दोन्ही जोडली की सुरुवातीची उंची त्रिज्येच्या अडीचपट निघते, म्हणजे 15 सेंटिमीटर त्रिज्येला 37.5 सेंटिमीटर. तेवढ्यावरून गोटी सोडली की ती माथ्याजवळ रुळावरून सुटते आणि खाली पडते. सूत्र खोटं ठरलं का? नाही. ते घसरणाऱ्या वस्तूचं सूत्र आहे आणि गोटी घरंगळते. तिच्या ऊर्जेतला काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो. भरीव गोलासाठी तो हिशेब धरला की अडीचपटीच्या जागी 2.7 पट येते, म्हणजे 40.5 सेंटिमीटर. उभं वर्तुळ आणि घरंगळणारा गोल, दोन्ही बारावीच्या पहिल्याच प्रकरणात आहेत, पण परीक्षेत ते वेगवेगळे प्रश्न म्हणून येतात आणि मुलांच्या डोक्यातही वेगळेच राहतात. पडलेली गोटी त्यांना एकत्र आणते. 40.5 सेंटिमीटरवरूनही ती पडण्याची शक्यता मोठी. मग घर्षण, हलणारा वळसा, रूळ म्हणून वापरलेल्या पन्हळीच्या दोन्ही कडांना टेकून फिरणारी गोटी, अशी एकेक कारणं शोधावी लागतात.

खऱ्या रोलर कोस्टरचा इतिहासही अशाच चुकांनी घडला. 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप रेल्वे’ उभारली, तिचा वळसा शुद्ध वर्तुळाकार होता आणि त्यात बसणाऱ्यांच्या माना दुखावत. कारण वहीत सापडतं. जेमतेम माथा गाठेल एवढ्या वेगाने गाडी वर्तुळात शिरली, तर तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. या सहापटीत त्रिज्या येतच नाही, त्यामुळे वळसा लहान-मोठा करून सुटका नाही, आकारच बदलावा लागतो. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या ‘रिव्होल्यूशन’मध्ये अँटन श्वार्झकोफ आणि वेर्नर स्टेंगल यांनी थेंबासारखा वळसा वापरला: तळाशी वक्रता कमी, माथ्याकडे हळूहळू वाढत जाणारी. सरळ रुळावरून वळणावर जाताना गाडीला हिसका बसू नये म्हणून रेल्वेचे अभियंते अशीच क्रमाने वाढणारी वक्रता फार आधीपासून देत आले होते.

रेल्वेचं नाव निघालं की ठाणे-कल्याणच्या मुलांना दूर जायला नको. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे, आणि दोन्हींच्या पुढे घाट आहे, जिथे 37 मीटर अंतराला एक मीटर चढ लागतो. या घाटांत ‘कॅच सायडिंग’ आहेत. उतारावर गाडी ताब्याबाहेर गेली, तर तिला चढाच्या आडरुळावर वळवायचं, म्हणजे तिची गतिज ऊर्जा उंचीत जाऊन मुरते. ताशी 60 किलोमीटरने सुटलेल्या गाडीला घर्षण न धरता किती उंच चढ लागेल? सुमारे 14 मीटर. गाडीचं वजन या उत्तरात येत नाही, आणि ते का येत नाही यावर वर्गात अर्धा तास सहज चर्चा व्हावी. खोपोलीजवळच्या इमॅजिकातल्या ‘नायट्रो’ची उंची सुमारे 40 मीटर आहे. तेच गणित उलट केलं की तळाशी ताशी शंभर किलोमीटरचा वेग निघतो. सहलीला जाण्याआधी हा आकडा वहीत असला, तर ती सहल अभ्यासाचीही होईल.

शिक्षकांची पहिली हरकत वेळेची असते, आणि ती खरी आहे. भरलेला वर्ग, संपवायचा अभ्यासक्रम, संध्याकाळी क्लास आणि डोक्यावर सीईटी. पण या प्रकल्पाला नवा धडा लागत नाही, शिकवलेलाच वापरला जातो. साहित्यही महाग नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोमचा पाइप उभा चिरला की दोन पन्हळी मिळतात. वेग मोजायला मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा आणि मागे टेकवलेली फूटपट्टी पुरते. गुणांची हरकत मला अधिक गंभीर वाटते. न पडणाऱ्या गोटीला गुण मिळणार असतील, तर मुलं ती मीटरभर उंचीवरून सोडतील आणि काहीच शिकणार नाहीत. म्हणून परीक्षकाने आधी वही मागावी: अंदाज किती होता, प्रत्यक्षात किती उंची लागली, फरक कुठे गेला. फरकाचं कारण देणाऱ्या गटाला, त्याची गोटी पडली तरी, पूर्ण गुण मिळायला हवेत.

हे सगळं संगणकावर अधिक नीटस दिसतं, मग फोम कशाला, असंही विचारलं जातं. संगणकाचा उपयोग आहेच, दहा आकार दहा मिनिटांत तपासता येतात. मात्र त्यात घर्षणाचा आकडा कुणीतरी भरावा लागतो, आणि शून्य भरला तर पडद्यावरची गोटी कधीच थकत नाही. आपल्या पन्हळीचा आकडा पुस्तकात नसतो. पन्हळ इंग्रजी यू अक्षरासारखी धरायची, एका बाजूने अर्ध्या मीटरवरून गोटी सोडायची, दुसऱ्या बाजूला ती किती चढली ते मोजायचं आणि कमी पडलेल्या उंचीला वाटेच्या लांबीने भागायचं. दर मीटरला किती उंची गेली ते कळतं. हा आकडा घेऊन वळशाचं गणित पुन्हा मांडलं की दुसरा अंदाज पहिल्यापेक्षा बराच जवळ येतो, आणि संगणकात भरायलाही तोच लागतो.