सोडणे एका दिवसाचे, टिकवणे रोजचे : बिडी-सिगारेट सुटल्यानंतरच्या वर्षाविषयी

बिडी-सिगारेटबद्दल आपल्या वस्त्यांत मोठ्याने बोलले जाते ते दोनच वेळा. एकदा ३१ मे रोजी, जागतिक तंबाखूविरोधी दिनाच्या कार्यक्रमात. आणि दुसऱ्यांदा, ओळखीच्या कुणाला परळच्या टाटा रुग्णालयात नेले अशी बातमी आली की. या दोन प्रसंगांच्या मधल्या काळात जो माणूस वीस-पंचवीस वर्षांची सवय मोडू पाहतो, तो बहुतेक वेळा एकटाच असतो.

पनवेल तालुक्यात कर्नाळा परिसरातील गावे आणि वाड्यांमध्ये काम करताना आम्हाला "बिडी कशी सोडू?" असे विचारणारे कमी भेटतात. "सोडली होती, चार महिने टिकली, परत लागली" असे सांगणारे जास्त भेटतात. त्यांच्या बोलण्यात एक खंत असते, आपल्यात दमच नाही ही. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या सोबत काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांसाठी आहे.

"आता सोडून काय उपयोग?"

पन्नाशीतल्या माणसाचा हा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर उपदेशाने देण्याची गरज नाही, आकड्यांनी देता येते. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयी आणि त्यांचे आयुष्य यांचा पन्नास वर्षे माग ठेवला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष असे : आयुष्यभर ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. पण साठाव्या वर्षी सोडली तरी त्यातली सुमारे तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा.

म्हणजे उशीर झालेला असतो हे खरे, पण वेळ संपलेली नसते. पन्नाशीतल्या बापाची सहा वर्षे म्हणजे मुलीचे शिक्षण पूर्ण होऊन ती नोकरीला लागण्याइतका काळ. हा हिशोब घरात बसून करावा, तो लगेच पटतो.

शरीरात काय घडते

झुरका मारल्यावर काही सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूला थोडा वेळ बरे वाटते. सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते आणि तलफ सुरू होते. पुढची बिडी ती तलफ भागवते. "बिडीने डोके शांत होते" असे आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आधीच्या बिडीने लावलेली अस्वस्थताच पुढची बिडी शांत करत असते.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड, झोप न लागणे, लक्ष न लागणे, भूक वाढणे, पोट साफ न होणे असे त्रास होतात. दोन ते चार आठवड्यांत ते बहुतांशी ओसरतात. काहींचे वजन थोडे वाढते. हा आजार नव्हे, शरीर जुन्या जागेवर येत असल्याची ही चिन्हे आहेत. घरच्यांना हे आधी सांगून ठेवले तर "बिडी सोडल्यापासून हा माणूस अंगावर येतो" अशी भांडणे टळतात.

दुसरीकडे सुधारणाही लगेच सुरू होते. वीस मिनिटांत नाडीचे ठोके उतरू लागतात. एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निघून जातो. पुढच्या काही महिन्यांत खोकला आणि धाप कमी होते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो.

मग चार महिन्यांनी परत का लागते?

कारण शरीराची तलफ गेली तरी जागांची आणि वेळांची सवय तशीच राहते. कर्नाळ्याचेच पाहा. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातून जातो. रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर ट्रकचालक थांबतात, रिक्षावाले थांबतात, शिफ्ट सुटलेले कामगार थांबतात. चहा येतो आणि चहाबरोबर काडीपेटी येते. सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकण्यावर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी एक-दोन नग सहज मिळतात. ज्याने वीस वर्षे त्याच बाकावर बसून ओढली, त्याच्या हाताला चहाचा कप लागला की दुसरा हात खिशाकडे जातो. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, मयताच्या घराबाहेरचा घोळका, रात्रपाळी, भांडण यांचेही तसेच.

दुसरे कारण उत्साहाचे आहे. पहिल्या आठवड्यात सगळे कौतुक करतात. तिसऱ्या महिन्यात कुणी विचारत नाही. त्रास संपलेला असतो, म्हणून "एकाने काय होते?" हा विचार येतो. बहुतेक लोक तिथे घसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कोणत्याही मदतीशिवाय केलेल्या प्रयत्नांपैकी सुमारे चार टक्केच यशस्वी होतात. म्हणजे पहिल्या फटक्यात न जमणे हा नियम आहे. त्यावरून माणसाच्या लायकीचा निकाल लावू नये.

आपण शील पुन्हा पुन्हा का घेतो?

इथे आपल्या परंपरेतली एक साधी गोष्ट उपयोगी पडते. पंचशील आपण एकदाच घेऊन थांबत नाही. विहारात, जयंतीला, लग्नात, पुण्यानुमोदनाला, प्रत्येक वेळी ते पुन्हा घेतो. पालीत त्याला सिक्खापद म्हटले आहे, म्हणजे शिकण्याचा, सरावाचा नियम. ज्याचा सराव करायचा ते रोज करावे लागते, आणि चुकले तर पुढच्या वेळी पुन्हा सुरू करायचे असते.

पाचव्या शिलात तंबाखू येते का, यावर तरुण मुले वाद घालतात. तंबाखू ही अमेरिका खंडातली वनस्पती, ती पोर्तुगीजांमार्फत भारतात आली, त्यामुळे प्राचीन ग्रंथांत तिचे नाव असण्याचा प्रश्नच नाही. पण ते शील ज्या बेसावधपणापासून दूर राहायला सांगते, तो इथेही आहे. हात आपोआप खिशाकडे जातो आणि पेटल्यावर कळते की पेटवली, यालाच बेसावधपणा म्हणतात.

म्हणून आमचे सांगणे असे की बिडी सोडण्याची "शेवटची शपथ" घेऊ नका. ती मोडली की माणूस स्वतःला शपथ मोडणारा समजतो आणि पुन्हा बंडल आणतो. त्याऐवजी रोज सकाळी आजच्या दिवसापुरता निश्चय करा. एखाद्या दिवशी एक ओढली गेली तर ती एकच राहू द्या. उरलेले पाकीट पाण्यात टाका, कुठे, कुणासोबत, कशामुळे ओढली ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी पुन्हा सुरुवात करा. एक बिडी म्हणजे घसरणे. त्यानंतर "आता गेलेच" म्हणून आणलेले बंडल म्हणजे परत लागणे. या दोहोंत फरक आहे.

रोजच्या दिवसाची मांडणी

उत्साह येतो आणि जातो. त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा दिवस असा लावून घ्यावा की उत्साह नसतानाही निभावेल.

तारीख ठरवा. दोन आठवड्यांच्या आतली असावी. त्या दिवसाच्या आदल्या रात्री घरातली काडीपेटी, लायटर, राखेची वाटी बाहेर काढा.

पहिला महिना टपरी बदला. चहा घरी किंवा कामाच्या जागी घ्या, मित्रांना आधीच सांगा. जो मित्र हसून पाकीट पुढे करतो त्याला महिनाभर लांबून जय भीम करा.

तलफ आली की घड्याळ पाहा. ती लाटेसारखी येते आणि बहुधा काही मिनिटांत उतरते. तेवढ्या वेळात पाणी प्या, बडीशेप किंवा लवंग चघळा, चालून या, फोन करा. किंवा नुसते बसून श्वासाकडे आणि त्या अस्वस्थतेकडे पाहा. ती छातीत आहे की घशात, वाढते की कमी होते, एवढेच पाहा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ८८ जणांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा सजगतेचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात १७ आठवड्यांनंतर ३१ टक्के लोक धूम्रपानमुक्त होते, नेहमीच्या कार्यक्रमातल्या गटात ६ टक्के. आनापानसती शिकलेल्या आपल्या लोकांकडे हे साधन आधीपासून आहे, फक्त ते तलफेच्या वेळी वापरायची सवय लावायला हवी.

पैसे वेगळे ठेवा. रोज साठ रुपये ओढण्यावर जात असतील तर वर्षाचे २१,९०० होतात. ते डब्यात दिसले पाहिजेत. मुलाची फी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, सहा डिसेंबरला चैत्यभूमीला जाण्याचा खर्च, काहीही ठरवा, पण आधी ठरवा.

फरक मोजा. या भागातल्या लोकांसाठी कर्नाळा किल्ल्याची वाट हे चांगले मोजमाप आहे. सोडण्याच्या आधी एकदा पायथ्यापासून अंगठ्यासारख्या सुळक्यापर्यंत चढून जा आणि किती ठिकाणी धाप लागून थांबलात ते लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा जा. छातीत दुखत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर चढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. वर जाऊन सिगारेट पेटवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की उन्हाळ्यात वाळलेल्या गवतात पडलेले एक थोटूक वणव्याला पुरते. १९६८ साली घोषित झालेले हे पक्षी अभयारण्य आहे, पाखरांची घरटी त्या रानातच आहेत.

बदली घेऊ नका. बिडी सोडून तंबाखू मळणे किंवा मशेरी लावणे म्हणजे सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, आणि धूरविरहित तंबाखू घेणारे होते २४.४ टक्के. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही ही सवय घराघरांत आहे, आणि तोंडाचा कर्करोग तिथूनही येतो.

मदत घेण्यात कमीपणा नाही

राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे. तो निःशुल्क असून सिगारेटच्या पाकिटावर छापलेला असतो. समुपदेशक बोलतात, तारीख ठरवून देतात, नंतर पुन्हा फोन करून विचारपूस करतात. तिसऱ्या महिन्यात कुणी विचारत नाही ही जी अडचण वर सांगितली, तिच्यावर हा एक चांगला उपाय आहे.

औषधाच्या दुकानात निकोटिनची गोळी मिळते, ती च्युइंगमसारखी असते पण सतत चावायची नसते. हळू चावायची, चुणचुण जाणवली की गालात धरून ठेवायची, चुणचुण कमी झाली की पुन्हा चावायची. दिवसाला बंडल-दोन बंडल ओढणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. डॉक्टर लिहून देतात अशी इतर औषधेही आहेत. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात तंबाखू पूर्ण बंद असते, त्यामुळे सर्वांत कठीण दिवस तिथे निघून जातात. पण अकराव्या दिवशी टपरी तिथेच असते, तिची तयारी करूनच परत यावे.

कारण स्वतःपेक्षा मोठे असले की

ज्यांच्याकडे मोठे कारण असते त्यांची प्रेरणा जास्त दिवस टिकते, असा आमचा अनुभव आहे. आपल्या चळवळीत असे एक कारण आहे आणि ते फारसे सांगितले जात नाही. "जय भीम" हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे बिडी कामगारांचे संघटक होते. विदर्भातल्या बिडी धंद्यात राबणारे असंख्य हात आपल्याच समाजाचे होते. १९३७ मध्ये हरदास मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि जानेवारी १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने गेले. आजही बिड्या वळणाऱ्या बायका घरात बसून तंबाखूची धूळ श्वासात घेतात आणि हजारावर मजुरी मोजतात. वळणाराही गरीब आणि ओढणाराही गरीब, पैसा मात्र तिसरीकडेच जातो. बिडी सोडताना आपण स्वतःची फुप्फुसे वाचवतो आणि या व्यवहारातून आपला हातही काढून घेतो. त्याचबरोबर वळणाऱ्या भगिनींना दुसरे काम मिळावे यासाठी बोलणे हीही आपलीच जबाबदारी आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत अनेक विहारांत संध्याकाळी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचे वाचन होते. हे तीन महिने आणि ही संध्याकाळची वेळ बिडी सोडणाऱ्याला अगदी सोयीची आहे, कारण संध्याकाळीच तलफ जोर करते. प्रत्येक विहाराने या काळात सोडू इच्छिणाऱ्या पाच जणांची यादी करावी. प्रत्येकासोबत एक तरुण जोडावा. त्याने रोज एकदा विचारावे, "दादा, आजचा दिवस कसा गेला?" ओढली असेल तर ओरडू नये, व्याख्यान देऊ नये, उद्या पुन्हा विचारावे. विहाराच्या आवारात आणि जयंतीच्या मंडपामागे कुणी ओढणार नाही एवढे मंडळाने ठरवावे. सार्वजनिक जागी धूम्रपानाला तसाही कायद्याने २०० रुपये दंड आहे.

आणि वर्षावास संपला की यादी फाडू नये. चौथ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, पुढच्या १४ एप्रिलला त्या पाच जणांना पुन्हा विचारावे. ज्याची परत लागली असेल त्याचे नाव पुढच्या यादीत सर्वांत वर लिहावे.