उघडता येणारा बूट

पहिल्या पावसानंतर सह्याद्रीतल्या गडवाटांवर एक प्रसंग हमखास घडतो. माळ्यावर वर्ष-दोन वर्षं पडून असलेले ट्रेकिंगचे बूट कुणीतरी उत्साहानं बाहेर काढतं आणि निम्मा गड चढून होतो न होतो तोच एका बुटाचा सोल सुटून मागे राहतो. वरचा भाग धडधाकट, नाड्यासुद्धा नव्यासारख्या. तळाचा मात्र बोटानं दाबला तरी भुगा. वापरला नाही म्हणजे टिकला, हा समज इथं खोटा ठरतो. अशा बऱ्याच बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतलं बाष्प त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहतं. कपाटात ठेवलेल्या बुटातही हे चालूच असतं आणि कोकणासारख्या दमट हवेत ते आणखी लवकर घडतं.

दुसरीकडे वीस-वीस वर्षं चालणारे चामड्याचे बूट आहेत. त्यांचा तळही झिजतोच. कधीकधी जास्तच झिजतो. फरक एवढाच की ते बूट पुन्हा उघडता यावेत अशा बेतानंच बांधलेले असतात. तळ, टाच, आतलं भरण, नाड्या, अस्तर हे सगळं बदलता येतं. बदलता येत नाही ते फक्त वरचं कातडं, ज्याला कारागीर ‘अप्पर’ म्हणतात. बुटाचं माप, निगा आणि दुरुस्ती या तिन्ही गोष्टी शेवटी या एका कातड्याला जपण्यासाठी असतात.

अशा बुटाची रचना आडवी कापून पाहिली तर सहज कळते. पायाखाली आधी जाड चामड्याचा इनसोल असतो. अप्पर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या फर्म्यावर ताणून इनसोलच्या कडेशी आणलं जातं आणि बाहेरून चामड्याची एक अरुंद पट्टी लावून तिन्ही एकत्र शिवतात. ही पट्टी म्हणजे वेल्ट. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात. महिन्या-दोन महिन्यांत तो घालणाऱ्याच्या तळव्याच्या आकाराप्रमाणे दबतो. कमानीखाली शँक नावाची पोलादी किंवा लाकडी पट्टी असते, म्हणून बूट मध्येच वाकत नाही. शेवटी जमिनीला टेकणारा तळ दुसऱ्या, स्वतंत्र शिवणीनं वेल्टला जोडला जातो. सगळी किमया या दुसऱ्या शिवणीत आहे. ती उसवली की तळ निघतो आणि अप्परला धक्काही लागत नाही.

हे काम पूर्वी सर्वस्वी हातानं होत असे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ज्युनियर यांनी वेल्टची शिवण घालणारं यंत्र प्रचारात आणलं. रबराला टिकाऊ करणारी व्हल्कनायझेशनची प्रक्रिया शोधणाऱ्या चार्ल्स गुडइयर यांचे ते चिरंजीव. त्यांच्या नावावरून ही पद्धत ‘गुडइयर वेल्ट’ म्हणून ओळखली जाते. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन शहरात आणि आसपास आजही असे बूट बनतात. तिथल्या ट्रिकर्स या कंपनीची स्थापना १८२९ ची, तर चर्चेसची १८७३ ची.

तळाची गोष्ट मात्र इटलीत घडली. १९३५ मध्ये आल्प्समधल्या पुन्टा रासिका शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक मरण पावले. कडे चढण्यासाठी त्यांनी पायात हलके जोडे घातले होते. बर्फात आणि थंडीत ते निरुपयोगी ठरले. या चमूबरोबर असलेल्या व्हिताले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आला. व्हिब्रम हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांतून आलेलं. १९५४ मध्ये के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन मोहिमेच्या बुटांना हेच तळ होते. खडकाळ वाटांवर चालणाऱ्याला जुना चामडी तळ काढून त्या जागी असा रबरी तळ बसवून घेता येतो.

पण हे सगळं त्याच बुटाच्या बाबतीत खरं, जो पायाला नीट बसतो. माप चुकलं की अप्पर भलत्याच जागी दुमडतं आणि तिथंच तडकतं.

माप म्हणजे केवळ लांबी, असं आपल्याकडे दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही धरून चालतात. अमेरिकेतल्या सिरॅक्यूज शहरात एका चपला-बुटांच्या दुकानदाराचा मुलगा असलेल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२० च्या दशकात पाऊल मोजण्याचं एक साधन बनवलं. त्यावर तीन मापं कळतात: टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि रुंदी. यातलं दुसरं माप सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचं. पाऊल चवड्यापाशी वाकतं; बूटही नेमका तिथंच वाकला पाहिजे. सारख्याच लांबीच्या दोन पावलांत एकाची बोटं लांब असतात, दुसऱ्याची कमान. दोघांना एकच नंबर दिला तर एकाचा बूट चुकीच्या जागी मोडणार.

त्यात नंबरांचा गोंधळ वेगळाच. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आत. त्यामुळे आठ नंबर म्हणजे बेचाळीस, ही गणितं कंपनीगणिक बदलतात. भारतात तर मापं परदेशीच चालत आली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरातल्या सुमारे एक लाख लोकांची पावलं मोजून पाहिली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा सरासरीनं रुंद असल्याचं दिसून आलं. त्यावरून ‘भा’ ही स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेणारे बहुतेक लोक खरं तर रुंदी शोधत असतात. हाती लागते ती लांबी, आणि टाच आत घसरत राहते.

म्हणून बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. रोज घालायचे ते मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाला बसेल तो जोड घ्यावा. उभं राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि चवडा बुटाच्या सर्वांत रुंद भागात यायला हवा. नाड्या आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या भोकांच्या रांगा समांतर दिसाव्यात. खाली पसरणारी फट म्हणजे बूट अरुंद. कोऱ्या करकरीत बुटात टाच किंचित उचलली जाते, त्याची चिंता नको. तळ वाकायला लागला की ते कमी होतं. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला मात्र नाही. बोटं पुढे टेकत असतील तर ‘वापरून वापरून होईल’ हा दिलासा फसवा समजावा.

आता निगा. चामडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची दाट वीण. कातडं कमावताना या तंतूंत तेल-चरबी मुरवलेली असते, म्हणून ते हजारो वेळा दुमडूनही तुटत नाही. पावसाचं पाणी, घाम आणि उष्णता यांनी ही चरबी कमी होते, तंतू कोरडे पडतात आणि दुमडीवर भेग येते. भेगेवर पॉलिश चढवता येतं, पण तुटलेले तंतू सांधता येत नाहीत.

त्यामुळे महत्त्वाचं काम म्हणजे धूळ काढणं आणि बूट सावकाश वाळवणं. धुळीचे कण दुमडीत शिरून कानशीसारखे घासत राहतात. घरी आल्यावर घोड्याच्या केसांचा ब्रश अर्धा मिनिट फिरवला तरी पुरे. भिजलेल्या बुटातला इनसोल सुटा असेल तर काढावा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, दर दोन-तीन तासांनी बदलावेत आणि पंख्याच्या वाऱ्यावर बूट आडवा ठेवावा. उन्हात, गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरनं वाळवणं घातक, कारण ओलं कोलॅजन कोरड्यापेक्षा कितीतरी कमी उष्णतेत आक्रसतं. एकदा आक्रसलेलं चामडं पूर्ववत होत नाही. एकच जोड सलग रोज घालू नये. आत मुरलेला घाम निघून जायला दिवसभराची उसंत लागते.

क्रीम आणि मेणाचं पॉलिश यांची कामं वेगळी. क्रीम चामड्यात मुरतं आणि गेलेली स्निग्धता परत देतं. मेण पृष्ठभागावर राहून चकाकी देतं आणि थोडं पाणी अडवतं. नुसत्या मेणाचे थर वर्षानुवर्षं चढवले की ते दुमडीवर फुटतात. उलट दर आठवड्याला तेल पाजलेला बूट ढिला पडतो आणि त्याचा आकार जातो. रोज घातला जाणारा बूट असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा, बोटभर क्रीम पुरतं. घरातलं खोबरेल मात्र नकोच: ते चामडं काळवंडवतं आणि थंडीत थिजून वर पांढरट थर आणतं. स्वेडच्या, म्हणजे लव असलेल्या चामड्याला तर क्रीम आणि मेण दोन्ही वर्ज्य. त्याला रबरी ब्रश.

पावसाळ्यात बुरशी आलीच, तर बूट घराबाहेर नेऊन ब्रशनं झटकावा, पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरच्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसावा, पुरता वाळवावा आणि मगच क्रीम लावावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या बुटाला बुरशी सर्वांत आधी लागते.

दुरुस्तीत सगळं वेळेवर अवलंबून असतं. टाचेच्या तळाचा रबरी थर झिजला की लगेच बदलावा. त्याच्या वरचे चामड्याचे थर घासले जाऊ लागले की खर्च वाढतो आणि चालही तिरकी होते. तळाच्या मध्यभागी बोटानं दाबल्यावर तो मऊ लागला, की नव्या तळाची वेळ झाली. भोक पडेपर्यंत थांबलं तर पाणी बुचापर्यंत जातं आणि वेल्टही घासली जाते. वेल्ट शाबूत असेल तर त्याच वेल्टवर दोन-तीन वेळा तळ बदलता येतो. पुढे वेल्टसुद्धा नवी घालता येते.

वेल्टवर तळ शिवणारी यंत्रं आपल्याकडे फार कमी ठिकाणी आढळतात. पण आरी, रापी आणि मेण लावलेला दोरा घेऊन हेच काम हातानं करू शकणारे कारागीर महाराष्ट्रात अजून आहेत. सरकारी कागदांत त्यांना ‘गटई कामगार’ म्हणतात आणि समाजकल्याणाच्या योजनेतून त्यांना पत्र्याचे स्टॉल मिळतात. चिकटवलेल्या बुटांच्या जमान्यात त्यांच्याकडे येणारं काम बहुतेक अंगठे शिवण्याचं आणि सोल चिकटवण्याचं उरलं आहे. अवघड कामाची मागणीच येत नसेल, तर ते कसब पुढच्या पिढीच्या हातात उतरणार तरी कसं?

असा बूट त्यांच्याकडे देताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. तळ वेल्टलाच शिवायचा. अप्परमधून आरपार शिवण मारायची नाही, कारण अप्परला पडलेलं प्रत्येक भोक कायमचं. आणि शक्य तिथं टाका जुन्याच भोकांतून घ्यायचा; नवी भोकं पाडत गेलं की वेल्ट त्या रेषेत फाटते. जुना तळ काढणं, बूच खरवडून नवं भरणं, तळ चिकटवून शिवणं, कडा तासून मेण लावणं, या सगळ्याला कित्येक तास जातात. मजुरी ठरवताना हे तास मोजावेत, आणि बूट उद्याच हवा असा आग्रह धरू नये.