फळे-भाजीपाल्याच्या काढणीतील स्वच्छता

फळे-भाजीपाल्याच्या काढणीतील स्वच्छता म्हणजे तोडणी, निवड व भरणी करताना मालाला रोगजंतू वा रसायने लागू नयेत आणि तोडणाऱ्यांनाही त्यांची बाधा होऊ नये, यासाठी घेतली जाणारी काळजी होय. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांबाबत तिचे महत्त्व अधिक आहे, कारण शिजवताना मरणारे जंतू तेथे जिवंत राहतात.

जंतुसंसर्ग

विष्ठेतील ई. कोलाय, साल्मोनेला तसेच 'अ' प्रकारच्या काविळीचा विषाणू हात, पाणी व माती यांतून मालावर येतात. साबणाने हात धुणे हा मुख्य उपाय. मात्र शिवारात शौचालय व पाणीच नसेल, तर मजुरांना केलेला उपदेश व्यर्थ ठरतो. जुलाब वा कावीळ झालेल्या व्यक्तीने तोडणी करू नये, असा नियम आहे. परंतु मजुरी बुडण्याच्या भीतीने आजार लपवला जातो. कोथिंबिरीच्या (विदर्भात सांबार) जुड्या टवटवीत दिसाव्यात म्हणून साचलेल्या पाण्यात बुडवल्यास एका जुडीवरील जंतू इतर जुड्यांवर पसरतात.

कीटकनाशके

कापूस हे यवतमाळ जिल्ह्याचे प्रमुख पीक आहे. २०१७ च्या खरीप हंगामात तेथे कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी उंच व दाट वाढल्याने फवारा चेहऱ्यावर व छातीवर येत होता. अनेकांकडे हातमोजे वा मुखपट्टी नव्हती.

ही घटना भाजीपाल्याशी थेट निगडित नव्हती. तथापि विदर्भात कपाशीच्या शेतातच घरापुरती अंबाडी, बरबटी, भेंडी लावण्याची रीत आहे. मोनोक्रोटोफॉस या अतिविषारी कीटकनाशकाच्या भाजीपाल्यावरील वापरास भारतात २००५ पासून बंदी आहे. कपाशीवर मात्र त्याचा वापर २०१७ मध्ये मान्य होता. त्यामुळे कपाशीवर कायदेशीर असलेला फवारा वाऱ्याने शेजारच्या भेंडीवर गेला, की निषिद्ध रसायन थेट ताटात येते. ती भेंडी तोडणाऱ्या स्त्रियांच्या हातांनाही ते लागते.

शेवटची फवारणी व तोडणी यांत ठेवावयाच्या अंतरास प्रतीक्षा काळ म्हणतात. भेंडी, वांगी, काकडी यांची तोडणी दर काही दिवसांनी होत असल्याने तो पाळणे कठीण जाते. आधी तोडणी करून मग फवारणी करणे आणि अल्प प्रतीक्षा काळाचे औषध निवडणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. निर्यातीच्या द्राक्षांसाठी अपेडाच्या 'ग्रेपनेट' व्यवस्थेत बागांची नोंदणी व अवशेष तपासणी होते. आठवडी बाजारातील भाजीला अशी व्यवस्था नाही.