पुढची पदवी कधी घ्यावी?

आज समोर बसलेल्यांत अचलपूर-परतवाड्याची पोरं-पोरी आहेत, चांदूर बाजार अन् अंजनगावकडूनही काही जण आले आहेत. बरेचसे नुकतेच डी.एल.एड. किंवा बी.एड. होऊन निघालेले. अशांचा एक प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो : "आता पुढे काय करू? एम.एड. करू का?" आमचं म्हणणं असं, की पुढे काय शिकायचं याइतकंच ते कधी शिकायचं याला महत्त्व आहे. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पाऊस पडला म्हणून कोणी लगेच तिफण जुंपत नाही, वापसा येऊ देतो.

आधी नोकरीपूर्वीचा काळ पाहू. इथं एकच नियम : दारावर जे मागतात ते आधी हातात घ्या. पहिली ते आठवीला शिकवायचं तर शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी लागते. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. पेपर १५० गुणांचा, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५. प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षांची होती, आता ते कायमचं आहे. म्हणून अभ्यास ताजा असतानाच ती काढून टाका. मग अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आणि तिच्या गुणांवर पवित्र पोर्टलमधून निवड. टीईटी वेगळी, टेट वेगळी, हा घोळ करू नका.

ती पुढे ढकलली तर काय होतं, तेही पाहून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सांगितलं, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं. वीस-वीस वर्षं फळ्यापुढे उभे राहिलेले गुरुजी पुन्हा बालमानसशास्त्राची पुस्तकं घेऊन बसले.

दुसरी गोष्ट. मोठी पदवी म्हणजे जास्त पात्रता, हा समज सोडा. २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण डी.एल.एड.मध्ये मिळतं, बी.एड.मध्ये नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे नोकरी लागत नाही म्हणून एकावर एक पदव्या चढवत जाणं हा उपाय नव्हे. त्यात घरचा पैसा जातो, कोणाच्या घरी संत्र्याच्या बहाराचा, कोणाच्या घरी कापसाचा. पोरगं मात्र दोन वर्षांनी त्याच रांगेत उभं राहतं.

आता समजा नोकरी लागली. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवकाची. मानधन जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. या काळात नवी पदवी अंगावर घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगतो. पैशाचं कारण आहेच, पण मोठं कारण वर्गात आहे. परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा किंवा धारणी तालुक्यातल्या शाळेत नेमणूक झाली, तर समोरचं पहिलीतलं लेकरू घरी कोरकू बोलतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. तुमचं मराठी त्याला कळत नाही, त्याचं कोरकू तुम्हाला कळत नाही. अशा वेळी तुमचं पुढचं शिक्षण म्हणजे कोरकू शिकणं. त्याचं प्रमाणपत्र कोणी देणार नाही, पण त्याशिवाय त्या वर्गात एक अक्षर पुढे सरकणार नाही. शिवाय या तीन वर्षांतच समजतं, की आपल्याला कोणत्या वयाची मुलं जमतात, गणित जमतं की भाषा.

तीन वर्षं झाली, वापसा आला. आता पदवी निवडा, पण ती कोणतं दार उघडते ते पाहून. डी.एल.एड.वर लागलेल्या शिक्षकाला सहावी ते आठवीला जायचं तर पदवी आणि टीईटीचा पेपर दोन पुरतो, बी.एड.ची सक्ती नाही. बारावीनंतर थेट डी.एल.एड. केलेल्यांनी म्हणून आधी बी.ए., बी.एस्सी. पूर्ण करावं. माध्यमिककडे वळायचं असेल तर बी.एड. लागेल. नियमित बी.एड. दोन वर्षांचं, हजेरीचं, नोकरी करून होत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. सेवेतल्या प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांसाठीच आहे. प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या, तोंडी 'हो'वर जाऊ नका. अकरावी-बारावीला शिकवायचं तर आपल्या विषयात एम.ए., एम.एस्सी. करा.

अन् एम.एड.? खाजगी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक व्हायला १९८१ ची नियमावली पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव मागते. त्यातली किमान दोन वर्षं बी.एड.नंतरची हवीत. एम.एड.ची अट नाही. एम.एड. खरं लागतं ते अध्यापक महाविद्यालयात शिकवणाऱ्याला. उद्याच्या शिक्षकांना घडवणाऱ्याने आधी स्वतः काही वर्षं वर्गात काढलेली बरी, नाहीतर तो पुस्तकातलाच वर्ग शिकवेल.

एका गोष्टीला मात्र वाट पाहायची गरज नाही. वर्गात दिव्यांग मूल आलं आणि त्याला कसं शिकवावं ते उमगत नसेल, तर त्याचं प्रशिक्षण पहिल्याच वर्षी मागून घ्या. तिथं आपली सोय पाहायची नसते, कारण त्या लेकराचं वर्ष परत येत नाही.

तेव्हा मंडळी, प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी कागदावर एक ओळ लिहा : ही पदवी मला कशासाठी हवी? उत्तरात एखादं पद आलं, एखादा विषय आला, किंवा वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव आलं, तर खुशाल अर्ज भरा. "सगळे करतात म्हणून" एवढंच आलं, तर एक वर्ष थांबा. आता तुमचे प्रश्न विचारा.